चिंध्या, पाचट आणि कागद

आमच्या विद्यार्थ्यांची अशी एक ठाम समजूत झालेली आहे की, चित्रास योग्य विषय म्हणजे समुद्र, नारळीची झाडे, दोन डोंगर आणि त्यांच्या मधोमध मावळणारा सूर्य. ज्या मुलाने जन्मात समुद्र पाहिला नाही तो समुद्र काढतो, आणि ज्या बालाघाटाच्या टेकड्या वर्गाच्या खिडकीतून त्यास बारा महिने दिसतात त्या त्याच्या कागदावर कधी उतरत नाहीत. गेल्या वर्षी प्रदर्शनाची तयारी चालू असता नववीतील एका मुलीने आम्हांस सरळच विचारले, "सर, आपल्या बीडात चित्र काढण्याजोगे आहे तरी काय?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, तिला खरोखरच तसे वाटत होते. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे व त्याच्या जोडीने घरच्या घरी कागद करण्याची रीत सांगावी, एवढ्याकरिता हा लेख लिहीत आहोत.

परंतु प्रथम आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गास आम्ही चिकटचित्राचा पाठ दिला. ज्यास हल्ली कोलाज म्हणतात ते हे. साहित्याची यादी फळ्यावर लिहून दिली : कार्डशीट, घोटीव रंगीत कागद, टिकल्या, डिंकाची बाटली. सर्व जिन्नस दुकानातले होते. दुसऱ्या दिवशी एक मुलगा रिकाम्या हाताने आला, म्हणून त्यास आम्ही उभे केले. तिसऱ्या दिवशी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून काही आणले. उलगडून पाहिले तो आजीच्या वाकळेचा एक जुना तुकडा. "ही काय चित्रकलेची वस्तू झाली?" असे आम्ही म्हणालो, आणि वर्ग हसला. तो मुलगा काही बोलला नाही. पुढे दिवाळी झाली, त्याच्या आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती, आणि ते कुटुंब टोळीबरोबर ऊसतोडीस निघून गेले. बाकावरील ती जागा रिकामी राहिली. आम्ही हसविले म्हणून तो गेला असे नव्हे. तो जाणारच होता. तरी पण जाताना शाळेविषयी काय घेऊन गेला असेल, हा विचार त्या हिवाळ्यात आमच्या मनातून जाईना.

त्या टोचणीमुळे आम्ही जरा आजूबाजूस पाहू लागलो, तेव्हा दिसले की आमच्याच जिल्ह्यात ह्या विद्येचे एक फार मोठे उदाहरण चारशे वर्षांपासून पडून आहे. अंबाजोगाई येथे दासोपंत (१५५१-१६१५) होऊन गेले. त्यांनी लिहिले इतके की, त्यांच्या गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख भरतात असे परंपरेने सांगतात. त्यांचे पंचीकरण हे प्रकरण त्यांनी कागदावर न लिहिता जाड्याभरड्या कापडाच्या एका लांबच लांब पट्टीवर लिहिले. तीच प्रसिद्ध 'पासोडी'. ही पट्टी चाळीस फुटांच्या आसपास लांब असून अंबाजोगाईस जतन करून ठेविलेली आहे. नुसती अक्षरेच तीवर आहेत असे नाही. विषय समजावा म्हणून मधूनमधून आकृत्या काढलेल्या आहेत, आणि अक्षर व आकृती एकमेकांत अशी मिसळलेली आहेत की, हे पुस्तक म्हणावे की चित्र म्हणावे हे ठरविणे कठीण पडते. पासोडी म्हणजे काय, तर गोरगरिबांनी थंडीत अंगावर घ्यावयाचे जाड पांघरूण. पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा विचार सांगण्यास त्यांनी अंगावरचे पांघरूण घेतले, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते. आणि आम्ही मात्र मुलाने आणलेल्या वाकळेस 'चित्रकलेची वस्तू नव्हे' म्हणून बाजूस सारले!

वाकळेकडे एकदा नीट पाहावे. जुनी लुगडी, फाटलेली धोतरे, मुलांची आंगडी ह्यांचे तुकडे घेऊन घरातील बाई ते जमिनीवर पसरते, कोणता कोणाशेजारी शोभेल ते मनाशी ठरविते, आणि मग काठापासून आत असे बारीक टाके घालीत जाते. चित्रकार जी रचना म्हणतो ती हीच. यूरोपात १९१२ साली पिकासो व ब्राक ह्या दोघा चित्रकारांनी चित्रात मेणकापडाचे व छापील कागदाचे तुकडे चिकटविले, तेव्हा तेथे मोठी खळबळ उडाली. त्यांचे श्रेय आम्ही कमी करीत नाही; परंतु तुकड्यास तुकडा जोडून नवी वस्तू उभी करण्याची कल्पना आमच्या आजीबाईंस ऐकवली असती, तर त्यांनी "मग त्यात काय?" एवढेच म्हटले असते.

घरातील दुसरी वस्तू सूप. जुन्या घरांतून बांबूचे सूप किंवा दुरडी झिजून तिच्या फटी पडू लागल्या म्हणजे बायका रद्दी कागद भिजवीत, त्यात वाटलेली मेथी घालून कुटीत, आणि तो लगदा सुपास दोन्ही अंगांनी लिंपून उन्हात वाळवीत. त्याच लगद्याच्या, पालथ्या भांड्यावर थापून केलेल्या टोपल्याही कित्येक घरी होत्या. मेथीने लगद्यास चिकटपणा येतो, आणि तिच्या कडवटपणामुळे कीड लागत नाही असे त्या सांगत. प्लॅस्टिकची सुपे आली आणि ही कला मागे पडली. पालकांपैकी ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी आहेत त्यांनी मुलांस ही रीत त्यांच्याकडून पाहून घेऊ द्यावी. आणखी दहा वर्षांनी ती सांगणारे कोणी उरेल असा भरवसा आम्हांस वाटत नाही.

तिसरी वस्तू शाळेच्या व्हरांड्यातच आहे, आणि तीस मुले फार भितात. गांधीलमाशीचे पोळे! माशी वाळल्या लाकडाचे तंतू दातांनी खरवडते, तोंडातील लाळेत कालविते, आणि त्याचा पातळ थर लावीत लावीत घर बांधिते. रिकामे झालेले जुने पोळे हाती घेऊन पाहावे, म्हणजे तो करडा कागदच आहे हे पटेल. पूर्वी यूरोपात कागद चिंध्यांपासून करीत आणि चिंध्या पुरेनाशा झाल्या होत्या; त्या काळी १७१९ साली रेओम्यूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ह्या माश्या पाहून तेथील विद्वानांपुढे सुचविले की, चिंध्यांवाचून केवळ लाकडाच्या तंतूंपासूनही कागद होऊ शकेल. त्याने स्वतः तसा कागद केला नाही. पण आज जगातील बहुतेक कागद लाकडापासून होतो.

आता कागद म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. वनस्पतीच्या शरीरात सेल्युलोज नावाच्या द्रव्याचे बारीक तंतू असतात. ते सुटे करून पुष्कळ पाण्यात मोकळे सोडले, जाळीवर झेलले, आणि पाणी निथळून जाऊ दिले, म्हणजे ते एकमेकांवर आडवेतिडवे पडतात व वाळता वाळता आपोआप एकमेकांस धरून बसतात. डिंक लागत नाही, खळ लागत नाही. मुलांस हे खरे वाटत नाही, म्हणून आम्ही वर्गात नेहमी प्रथम काही न घालता एक ताव करून दाखवितो. चीनमध्ये त्साय लुन ह्या दरबारी अधिकाऱ्याने इसवी सन १०५ मध्ये झाडाची साल, चिंध्या व मासे धरण्याची जुनी जाळी ह्यांपासून कागद करून बादशहापुढे ठेविला असे त्या देशाचे इतिहासकार लिहितात. तेव्हापासून आजपर्यंत मूळ कृती बदललेली नाही.

आमच्याकडे ही विद्या दूर नाही. दौलताबादेहून खुलदाबादेस जाताना वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणिली तेव्हा कागद करणारे कारागीरही तिकडून आले आणि येथे वसले, असे परंपरेने मानितात. गावाचे नावच त्यांच्या धंद्यावरून पडलेले आहे. त्यांचा दौलताबादी कागद दफ्तरांतून व पोथ्यांतून वापरला जाई. बोरूने झरझर मोडी लिहावयाची तर कागद कसा लागतो हे त्या लोकांस पक्के ठाऊक होते. सोन्याचा वर्ख शिंपडलेल्या शोभिवंत कागदास 'अफशानी' म्हणत. गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा खालावला. पुढे स्वदेशीच्या व ग्रामोद्योगाच्या चळवळीत त्यास पुन्हा हात मिळाला : वर्ध्यास १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, आणि १९४० साली पुण्यास हातकागदाची संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत के. बी. जोशी ह्या शास्त्रज्ञांचे श्रम फार मोठे आहेत. कागजीपुऱ्याची सहल मुलांस एकदा तरी घडवावी असे आम्ही दरवर्षी म्हणतो, आणि दरवर्षी ती वेरूळच्या लेण्यांतच संपते.

आता कृती. रद्दी वह्यांचे कागद घ्यावे. गुळगुळीत झिलईचे मासिकाचे कागद वगळावे. पिना काढून टाकाव्या, बोटाएवढे तुकडे फाडावे (कात्रीने कापू नये, फाडल्याने तंतू लांब राहतात) आणि ते रात्रभर पाण्यात भिजत घालावे. सकाळी उखळात कुटावे किंवा जुन्या मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थोडे थोडे फिरवावे. लगदा मोठ्या घमेल्यात पाण्यात सोडून पातळ ताकासारखा करावा. सारख्या मापाच्या दोन लाकडी चौकटी घ्याव्या. एकीस डास अडविण्याची जाळी ताणून ठोकावी, दुसरी तशीच रिकामी तीवर ठेवावी. दोन्ही घट्ट धरून घमेल्यात उभ्या बुडवाव्या, तळाशी आडव्या कराव्या, आणि एका दमात सरळ वर उचलाव्या. उचलताच पुढे-मागे व डावीकडे-उजवीकडे हलका हिसका द्यावा, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. सगळे कौशल्य ह्या हिसक्यात आहे आणि ते लिहून शिकविता येत नाही. कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणचे जुने कारागीर जाळीऐवजी गवताच्या काड्या घोड्याच्या केसांनी बांधून केलेली चटई वापरीत. तिच्या काड्यांच्या बारीक रेघा जुन्या पोथीचे पान उजेडात धरले असता अजूनही दिसतात.

पाणी निथळले म्हणजे वरची चौकट काढून जाळी ओल्या धोतराच्या फडक्यावर पालथी घालावी, मागून ओल्या फडक्याने दाबावे, आणि एका कडेने हळूच उचलावी. तावावर फडके, फडक्यावर ताव असे थर रचून वर फळी व तीवर पाटा ठेवावा. नंतर प्रत्येक ताव फडक्यासह सावलीत वाळवावा. आमच्या जिल्ह्याच्या एप्रिलमधील उन्हात टाकाल तर अर्ध्या तासात पापड होईल! शाईने लिहावयाचे असेल तर वाळलेल्या तावास भाताच्या पेजेचा पातळ हात द्यावा, नाही तर शाई फुटते. आणि पुन्हा वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने घोटावे.

ज्यांस पाचटाचा कागद करावयाचा आहे त्यांस एक पायरी अधिक आहे. उसाच्या वाळल्या पानांत तंतूंस चिकटवून धरणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते, ते काढावे लागते. एक किलो वाळके पाचट इंचभर तुकडे करून घ्यावे, त्यास दीडशे ते दोनशे ग्रॅम धुण्याचा सोडा घालावा, आणि सर्व बुडेल इतक्या पाण्यात दोन ते तीन तास उकळावे. भांडे लोखंडी किंवा स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमचे घेऊ नये, सोडा ते खातो. हे काम मोठ्या माणसांनी उघड्यावर करावे, मुलांनी दूर उभे राहून पाहावे. नंतर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. सोडा उरला की गेला हे कसे ओळखावे? शेवटच्या धुवणात चिमूटभर हळद टाकावी. तांबडी झाली तर सोडा आहे, पिवळी राहिली तर गेला. चुन्याने हळदीचे कुंकू होते ते ह्याच गुणाने. उसाच्या चिपाडाचाही कागद होतो; तामिळनाडू सरकारने १९७९ साली स्थापिलेल्या मोठ्या गिरणीत वर्तमानपत्राचा व लिहिण्याचा कागद चिपाडापासून करण्याची योजना प्रत्यक्षात आली.

पहिल्या वर्षी आमचा लगदा तीन दिवस तसाच राहिला आणि शाळाभर अशी दुर्गंधी सुटली की मुख्याध्यापकांनी चौकशी केली. उरलेला लगदा पिळून त्याचे गोळे करून वाळवून ठेवावे. ते वर्षभर टिकतात.

रंगांविषयी फार लिहीत नाही. गेरू, काजळी व पिवळी माती टिकतात. फाल्गुनात टेकड्यांवर पळस फुलतो त्याच्या पाकळ्यांचा केशरी रंग सुंदर उतरतो. हळदीचा रंग मात्र उजेडाने उडून जातो, म्हणून भिंतीवर लावण्याच्या चित्रात ती वापरू नये.

कागद झाला, पण त्यावर काय लावावे? येथेच मुले अडतात, आणि ह्याचसाठी आम्ही त्यांस आता दुकानातील यादी देत नाही. एक जुनी वही देतो आणि सांगतो की, आठवडाभर रोज एक वस्तू तीत चिकटवा आणि खाली ती कोठे मिळाली ते एका ओळीत लिहा. विकत घेतलेली नको. मग काय काय येते! लग्नपत्रिकेचा कोपरा, सरकीच्या बियाण्याच्या पिशवीवरील चित्र, एस. टी. चे तिकीट, कापसाच्या बोंडाचे वाळलेले कवच, ज्वारीच्या धाटाची साल, सिताफळाच्या सालीचा लगद्यावर दाबून घेतलेला ठसा. आमच्या सिताफळास २०१६ साली 'बीडचे सिताफळ' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्याच्या सालीवरील नक्षी ह्या पोरांखेरीज कोणी बारकाईने पाहिली असेल असे वाटत नाही. टँकरच्या पाण्याची पावतीही एका मुलीने लावली होती. तारीख एप्रिलची. तिने त्याखाली लिहिलेली ओळ एवढीच होती : "आई रांगेत होती."

सूचना एखाद्या लहानशा सादृश्यातूनही येते. इंग्लंडात मेरी डेलनी नावाच्या वृद्ध बाई होत्या. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांच्या टेबलावर पडलेल्या लाल कागदाचा रंग शेजारच्या फुलाच्या पाकळीशी हुबेहूब जुळतो हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कात्री घेतली आणि ते फूल कागदातून कापून काळ्या कागदावर चिकटविले. दृष्टी अधू होईपर्यंत दहा वर्षे त्या हेच करीत राहिल्या. त्यांची ९८५ फुले लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आमच्या देशातील बिनोदबिहारी मुखर्जी ह्यांची तर १९५६-५७ च्या सुमारास शस्त्रक्रिया फसून दृष्टीच गेली. नंतर त्यांनी बोटांनी चाचपून रंगीत कागदांची चित्रे केली. आणि सोमनाथ होर ह्यांनी लगदा केवळ चित्राखालचा कागद म्हणून वापरला नाही, लगद्याचेच चित्र केले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी भुकेने मरणारी माणसे डोळ्यांनी पाहिली व काढली होती. पुढे १९७० नंतर त्यांनी मातीच्या थरावर सुरीने घाव घातले, त्याचा साचा घेतला, व त्या साच्यावर पांढरा लगदा दाबून ताव उचलले. रंग नाही, आकृती नाही; पांढऱ्या कागदावर पांढऱ्या जखमा. त्या मालेचे नावच 'जखमा' असे आहे. दुष्काळी मुलखातील मुलांस हे चित्र दाखविले असता त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही, असा आमचा अनुभव आहे.

पालकांपैकी कित्येक विचारतात की, ह्यात अभ्यासाचा वेळ जातो, त्याचा परीक्षेस काय उपयोग? इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे गुण शालान्त परीक्षेत मिळतात, हे एक उत्तर आहे. पण आम्हांस ते उत्तर देताना थोडी लाज वाटते, कारण ते खरे कारण नव्हे.

खरे कारण असे. चैत्रात टोळ्या परतल्या आणि तो आठवीतला मुलगा एके दिवशी शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. त्याच्या हाती एक वही होती. कोणी सांगितलेले नसता त्याने कारखान्याच्या तळावरील पाच महिने तीत चिकटविले होते. उसाच्या पानाची पात, चहाच्या पुड्याचा कागद, गुळाच्या ढेपेवरील फडक्याचा धागा, खोपीवर घातलेल्या ताडपत्रीचा निळा तुकडा, धाकट्या बहिणीस ताप आला त्या दिवशीच्या औषधाचे रिकामे पाकीट. प्रत्येकाखाली तारीख होती. काही पाने रिकामी होती. "ह्या दिवशी काय झाले?" असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी मीच मोळ्या वाहत होतो, सर." आम्ही त्याची क्षमा मागितली, तीही सर्व वर्गासमोर, कारण हसणारेही तेथेच होते. तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "पाचट आणलंय थोडं."

त्या पाचटाचे अकरा ताव झाले. फिकट पिवळे, खरखरीत, मध्येच एखादा न शिजलेला तंतू. त्यांवर त्याने वहीतील वस्तू आणि त्या वाकळेचा तुकडा बसवून जे चित्र केले, ते प्रदर्शनात दाराजवळच्या भिंतीवर लावले होते. त्याची आजी पाहावयास आली. ती इतर चित्रांकडे वळली नाही. त्या तुकड्यातील एका तांबड्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "हे थोरलीच्या बारशाचं लुगडं." मग कागदाची कड दोन बोटांत चोळून पाहिली आणि आम्हांस विचारिले, "मास्तर, ह्यात मेथी घातली का न्हाई?"

घातली नव्हती. यंदाच्या लगद्यात घातली आहे.